फँटसी कशी वाचावी, कशी पाहावी : नव्या वाचकासाठी पायऱ्या

पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या एखाद्या मोठ्या पुस्तकाच्या दुकानात थोडा वेळ थांबले, तरी फँटसीकडे वळणारे दोन प्रकारचे ग्राहक दिसतात. काही जण चित्रपट किंवा मालिका पाहून भारावलेले असतात. ते थेट सर्वांत जाड खंड उचलतात आणि शंभरेक पानांनंतर नावांच्या व प्रदेशांच्या गर्दीत हरवून तो कायमचा बाजूला ठेवतात. दुसरे असतात ते पालक. मुलांसाठी जादूचे काहीतरी हवे, असे ते सांगतात, मात्र तेच पुस्तक आपणही वाचावे असे त्यांच्या मनात येत नाही. हा लेख या दोघांसाठी आहे, आणि ज्यांनी या प्रकाराला अजून हातच लावलेला नाही त्यांच्यासाठीही आहे.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करायला हवा. फँटसीत काहीही घडू शकते, असे अनेकांना वाटते आणि म्हणूनच त्यांना ती पोरकट वाटते. प्रत्यक्षात चांगल्या फँटसीचा लेखक एखादीच अशक्य गोष्ट शक्य करून देतो, तिला काटेकोर नियम घालतो आणि तिचा वापर करणाऱ्याकडून तिची पुरेपूर किंमत वसूल करतो. त्यामुळे कोणतीही फँटसी वाचताना किंवा पाहताना तीन प्रश्न मनाशी ठेवावेत: हे अद्भुत कथेत कोठून आले, त्याचा नियम कोणता आणि त्याची किंमत कोणी मोजली. पुढच्या सगळ्या पायऱ्या या तीन प्रश्नांच्या आधारेच चढायच्या आहेत.

पहिली पायरी : हद्द ओळखावी

वास्तवात अशक्य असलेली गोष्ट कथेच्या जगात खरी मानून चालते आणि ती कल्पित आहे हे लेखकाला व वाचकाला दोघांनाही ठाऊक असते, अशा साहित्याला फँटसी म्हणावे. या व्याख्येचा उत्तरार्ध विसरला, की पुराणे, संतचरित्रे आणि नवनाथांच्या कथा सरसकट याच खणात टाकल्या जातात, आणि तसे करणे मला योग्य वाटत नाही. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने १९३६ साली केलेल्या ‘संत तुकाराम’ या चित्रपटाच्या शेवटी तुकोबांना वैकुंठाला नेण्यासाठी आकाशातून विमान उतरते. ते दृश्य तांत्रिक करामतीने उभे केलेले असले, तरी दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल तेथे प्रेक्षकाला एखादा नवा कल्पित नियम मान्य करायला सांगत नाहीत. त्याच्या मनात आधीपासून असलेल्या भक्तीलाच ते रूप देतात. असा चित्रपट भक्तिपट म्हणूनच पाहावा.

पुराणातले पात्र उचलून आजचा लेखक नवी कादंबरी रचतो, तेव्हा मात्र ती फँटसी होऊ शकते. अलीकडे अशा कादंबऱ्या पुष्कळ येत आहेत आणि त्यांतला कोणता प्रसंग मूळ ग्रंथातला व कोणता लेखकाच्या कल्पनेतला, याबद्दल तरुण वाचकांचा फार गोंधळ होतो. शंका आली, तर मूळ ग्रंथ काढून पाहण्याची सवय लावून घ्यावी. महाभारताच्या बाबतीत तर पुणेकरांना लांब जायचेही कारण नाही, कारण त्याची चिकित्सक आवृत्ती १९१९ ते १९६६ या काळात येथल्याच भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केली आहे.

विज्ञानकथेत अशक्य गोष्टीमागे विज्ञानाचे, निदान विज्ञानासारखे वाटणारे, स्पष्टीकरण असते, आणि भयकथेत भीती निर्माण करणे हाच मुख्य हेतू असतो. या सीमा अर्थातच कुंपणासारख्या पक्क्या नसतात. नारायण धारपांनी (१९२५–२००८) तिन्ही प्रदेशांत मनसोक्त संचार केला आणि त्यांची एखादी कथा कोणत्या खणात ठेवावी, यावर त्यांच्या चाहत्यांत आजही वाद होतात. नव्या वाचकाने त्या वादात अडकू नये.

दुसरी पायरी : छोट्या कथांपासून आणि आपल्या घरातून सुरुवात करावी

पहिले पुस्तक म्हणून पाश्चात्त्य महाकादंबरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मराठी वाचकाने वेताळाच्या कथांपासून सुरुवात करावी. त्या बहुतेकांनी लहानपणी ‘चांदोबा’त किंवा आजीकडून ऐकलेल्या असतात, म्हणूनच त्या पुन्हा लक्ष देऊन वाचल्या, की त्यांची रचना किती पक्की आहे हे जाणवते.

अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने रचलेल्या ‘कथासरित्सागर’ या संस्कृत ग्रंथात या पंचवीस कथा आल्या आहेत. त्यातला राजा त्रिविक्रमसेन हा गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा. एक भिक्षू रोज दरबारात येऊन राजाला एक फळ देतो आणि राजा ते न पाहता कोषाध्यक्षाच्या हाती सोपवतो. असे दहा वर्षे चालते. एके दिवशी राजा ते फळ एका माकडाला देतो, माकड ते फोडते आणि आतून रत्न बाहेर पडते. कोषागारात शोध घेतल्यावर फळे कुजून गेलेली आणि रत्नांची रास पडलेली आढळते. जादूचा एकही शब्द उच्चारला जाण्याआधीच राजा त्या भिक्षूचा ऋणी झालेला असतो, आणि हे ऋण फेडण्यासाठी त्याला अमावस्येच्या रात्री स्मशानात जाऊन झाडावर लटकणारे प्रेत खांद्यावरून आणावे लागते.

येथून नियम सुरू होतात. प्रेत आणताना राजाने मौन पाळायचे आहे. प्रेतात शिरलेला वेताळ वाटेत गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न विचारतो. उत्तर ठाऊक असूनही राजा गप्प राहिला, तर त्याच्या मस्तकाची शकले होतील, आणि उत्तर दिले तर मौन मोडून वेताळ परत झाडावर जाऊन लटकेल. दोन्ही बाजूंनी कोंडी करणारा हा नियम इतका नेमका आहे, की त्याच्या जोरावर एकामागून एक कथा उभ्या राहतात आणि एकही ओढूनताणून आणलेली वाटत नाही. या कोंडीतून सुटका तेव्हाच होते, जेव्हा एका कथेच्या शेवटी राजाला उत्तर खरोखरच सुचत नाही आणि तो गप्प राहतो. तेव्हा त्याच्या धैर्यावर प्रसन्न झालेला वेताळच त्याला भिक्षूचा कपटी बेत सांगून सावध करतो. त्या क्षणी आरंभीच्या फळांचाही उलगडा होतो: ती भेट नव्हती, पुढे घ्यायच्या बळीची आगाऊ किंमत होती. नव्या वाचकाने बाकीच्या कथांना गुंफणारी ही चौकटीची कथा एकदा केवळ नियमाकडे लक्ष ठेवून वाचावी. एवढे केले, तर पुढच्या शेकडो पुस्तकांसाठी नजर तयार होते.

सोमदेवाने ज्या ग्रंथाचा आधार घेतला, त्या गुणाढ्याच्या ‘बृहत्कथे’ची दंतकथाही याच प्रदेशातली आहे. सातवाहन राजाने ‘पैशाची’ नावाच्या प्राकृत भाषेतला सात लाख श्लोकांचा तो ग्रंथ नाकारला. तेव्हा गुणाढ्याने रानात अग्नी पेटवून पशुपक्ष्यांना एकेक पान वाचून दाखवले आणि वाचलेले पान आगीत टाकले. राजा पश्चात्ताप पावून तेथे पोहोचेपर्यंत सहा लाख श्लोक जळून गेले होते. मराठी माणसाला अद्भुताचे वावडे आहे, असे कोणी म्हणाले, की मला पैठणची ही गोष्ट आठवते.

वेताळानंतर अरबी कथांकडे वळावे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकात हाती घेतलेले आणि विष्णुशास्त्र्यांनी पुढे नेलेले ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ हे भाषांतर मराठी गद्याच्या घडणीतले मोठे काम आहे. त्याची जुनी भाषा दोन-तीन कथांनंतर सवयीची होते. विसाव्या शतकात गौरी देशपांडे यांनी रिचर्ड बर्टनच्या इंग्रजी आवृत्तीचे सोळा खंड संपूर्ण मराठीत आणले. हे सोळा खंड क्रमाने वाचून संपवण्याचा हट्ट नव्या वाचकाने धरू नये. पहिला खंड घ्यावा, रोज रात्री राजाला गोष्ट सांगून आपला जीव वाचवणाऱ्या शहरजादची चौकट समजून घ्यावी आणि पुढे मन मानेल तेथे उघडावे. या आवृत्तीत काटछाट नाही, त्यामुळे ती मोठ्यांनीच वाचावी.

यानंतर जी. ए. कुलकर्णी. त्यांच्या ‘रमलखुणा’ (१९७५) या पुस्तकात ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दोन दीर्घकथा आहेत. त्यांतले प्रदेश कोणत्याही नकाशावर सापडत नाहीत. तेथली माणसे, रीतिरिवाज आणि श्रद्धा सगळेच लेखकाने घडवलेले आहे. तेथे अद्भुताचा नियम कोणी समजावून सांगत नाही. तो पात्रांच्या नशिबातून हळूहळू उमगतो आणि किंमत मात्र निर्दयपणे वसूल होते. या कथा पहिल्याच आठवड्यात वाचायच्या नाहीत. वेताळ आणि शहरजाद यांच्या सहवासात थोडे दिवस काढल्यावर, एका बैठकीत आणि शांतपणे वाचाव्यात. शेवटची काही वर्षे पुण्यात घालवलेल्या आणि १९८७ साली येथेच निवर्तलेल्या या लेखकाने मराठीत फँटसीची जी उंची गाठली, ती मराठी वाचकाला ठाऊक नसावी आणि परदेशी खंड मात्र पाठ असावेत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

तिसरी पायरी : अद्भुत कोणत्या दाराने येते ते पाहावे

ब्रिटिश समीक्षक फारा मेंडलसन यांनी २००८ साली फँटसीची एक मांडणी केली. तिचा मुख्य प्रश्न हा, की अद्भुत कथेत प्रवेश कसा करते. ही मांडणी नव्या वाचकाला फार उपयोगी पडते. काही कथांत पात्र ओळखीच्या जगातून दाराने दुसऱ्या जगात जाते, जसे सी. एस. लुईस यांच्या १९५० सालच्या नार्नियाच्या पहिल्या पुस्तकात मुले कपाटातून बर्फाळ प्रदेशात पोहोचतात. अशा कथेत पात्रही आपल्याइतकेच अजाण असते, त्यामुळे ते जग आपल्याला त्याच्याबरोबर समजत जाते आणि म्हणूनच सुरुवातीला अशा कथा सोप्या जातात. काही कथा थेट त्या दुसऱ्या जगातच सुरू होतात आणि तेथल्या माणसांना त्यात नवल वाटत नाही. टेरी प्रॅचेट यांच्या कादंबऱ्यांतली, कासवाच्या पाठीवरच्या चार हत्तींनी पेललेली सपाट पृथ्वी अशीच आहे. येथे वाचकाला थोडा धीर लागतो, कारण समजावून सांगणारे कोणी नसते.

तिसऱ्या प्रकारात अद्भुत आपल्याच जगात घुसते. महेश कोठारे यांच्या ‘धडाकेबाज’मधला (१९९०) बाटलीतला गंगाराम हे मराठी प्रेक्षकाला सर्वांत ओळखीचे उदाहरण आहे. चौथा प्रकार सर्वांत नाजूक: घडले ते खरोखर अद्भुत होते, की पात्राच्या मनाचा खेळ होता, हे शेवटपर्यंत ठरत नाही. या अनिश्चिततेलाच समीक्षक त्स्वेतान तोदोरोव्ह यांनी १९७० साली अद्भुताचा गाभा मानले होते. ज्याला असे अधांतरी राहणे सोसत नाही, त्याने हा प्रकार मागाहून वाचावा.

आपल्याला कोणते दार आवडते, हे पहिल्या चार-पाच कथांतच कळते आणि पुढची निवड त्यावरून करता येते.

चौथी पायरी : एक मोठी कादंबरी, पण योग्य क्रमाने

जे. आर. आर. टॉल्किन यांचे नाव टाळून फँटसीची ओळख होत नाही, मात्र त्यांच्याकडे कोणत्या पुस्तकापासून जावे हे ठरवायला हवे. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४–५५) तीन खंडांत असले, तरी ती एकच सलग कादंबरी आहे. तिच्यात परिशिष्टे आहेत, वंशावळी आहेत, गाणी आहेत, आणि अनेक नवे वाचक तेथेच थकतात. त्याआधी १९३७ सालचे ‘द हॉबिट’ वाचावे. ते मुलांसाठी लिहिले होते, एकोणीस प्रकरणांत संपते आणि घर सोडायला नाखूश असलेल्या बिल्बो बॅगिन्स या बुटक्या हॉबिटाबरोबर आपल्याला त्या जगात नेऊन सोडते. मराठीत वाचायचे असेल, तर मीना किणीकर यांनी केलेला ‘हॉबिट’चा आणि मुग्धा कर्णिक यांनी ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने केलेला मोठ्या कादंबरीचा अनुवाद पुण्याच्याच डायमंड पब्लिकेशन्सने काढला आहे. दुकानात प्रत मिळाली नाही, तर ग्रंथालयात विचारावे.

मोठी फँटसी वाचताना चार-पाच गोष्टी सांभाळल्या, की पुस्तक अर्धवट राहत नाही. पुस्तकात नकाशा असेल, तर तो पहिल्या दिवशी पाठ करायला बसू नये, फक्त पात्रे आज कोठे आहेत एवढे शोधण्यापुरता उघडावा. नावे लक्षात राहत नसतील, तर मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने नाव आणि नाते लिहीत जावे. आपल्याकडे रशियन कादंबऱ्या वाचणारे लोक पूर्वीपासून असेच करतात. गाणी आणि वंशावळी पहिल्या वाचनात सोडून दिल्या, तरी काही बिघडत नाही. प्रत्येक अनोळखी शब्द इंटरनेटवर शोधण्याची सवय मात्र कटाक्षाने टाळावी, कारण त्या शोधात पुढचे सगळे कथानक उघड होते आणि लेखकाने ज्या क्रमाने जग उलगडण्याची योजना केलेली असते, ती मोडते. पहिली साठ-सत्तर पाने सलग दोन दिवसांत वाचावीत. रोज पाच पाने, असे केले तर त्या जगात पाय रोवतच नाही.

आता तीन प्रश्नांकडे येऊ. टॉल्किन यांच्या या दोन्ही पुस्तकांत एक जादूची अंगठी आहे. ती घालणारा अदृश्य होतो, हा त्या कथेतला सोपा आणि मोहक नियम. मात्र वापरणाऱ्याला ती हळूहळू आपल्या ताब्यात घेते, आणि ज्या ज्वालामुखीच्या आगीत ती घडली त्या आगीखेरीज ती कोठेही नष्ट होत नाही, हा त्यामागचा कठोर नियम. सोपा नियम आधी आणि कठोर नियम नंतर कळतो, आणि ‘द हॉबिट’ आधी वाचलेल्या वाचकाला हा बदल स्वतः अनुभवता येतो: जी वस्तू एका पुस्तकात गमतीची सोय होती, तीच पुढच्या पुस्तकात जिवावरचे ओझे होते.

ज्यांना हजार पानांचा प्रवास नको असेल, त्यांनी अर्सुला ले ग्विन यांची ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८) ही आटोपशीर कादंबरी इंग्रजीतून वाचावी. बेटांच्या त्या जगात प्रत्येक वस्तूला आणि माणसाला एक खरे नाव असते, आणि ज्याला ते कळते त्याची त्यावर सत्ता चालते. गेड नावाचा हुशार, गर्विष्ठ मुलगा चढाओढीपायी आपल्या शक्तीबाहेरची विद्या वापरतो, त्यातून एक काळी छाया सुटते आणि उरलेले पुस्तक म्हणजे त्या एका चुकीची परतफेड आहे. सुरुवातीचा एक हल्ला सोडला, तर तेथे युद्ध नाही, सैन्ये नाहीत. माझ्या मते प्रौढ वयात प्रथमच फँटसी वाचणाऱ्यासाठी याहून चांगली कादंबरी नाही.

पाचवी पायरी : पडद्यावरचे अद्भुत पाहायला शिकावे

आपल्याकडे सिनेमा जन्माला आला तोच करामतीचे दृश्य घेऊन. दादासाहेब फाळके यांनी ‘लंकादहन’ (१९१७) आणि ‘कालिया मर्दन’ (१९१९) मध्ये कॅमेऱ्याच्या युक्त्यांनी जे दाखवले, ते रंगभूमीला शक्य नव्हते. प्रभातची पुण्यातली जागा १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूटकडे आहे आणि १९६४ साली स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही त्याच लॉ कॉलेज रस्त्यावर आहे. तेथे जुन्या चित्रपटांचे खेळ होतात, त्यांवर लक्ष ठेवावे. मूकपट पडद्यावर पाहण्याची संधी मिळाली, तर ती सोडू नये.

चित्रपट दोनदा पाहावा. पहिल्यांदा प्रेक्षक म्हणून, मध्ये न थांबवता. दुसऱ्यांदा नियम आणि किंमत शोधत, हवे तेथे थांबवून. या अभ्यासासाठी मी ‘तुंबाड’ (२०१८) सुचवतो. राही अनिल बर्वे दिग्दर्शित हा चित्रपट हिंदीत असला, तरी त्याची माती मराठी आहे. त्याच्या आरंभीच्या भागामागे नारायण धारपांच्या ‘आजी’ या कथेची प्रेरणा आहे आणि त्याचा नायक विनायक पुण्यात राहून तुंबाडला फेऱ्या मारतो. चित्रपट प्रौढांसाठी आहे, मुलांना दाखवू नये. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांनी पुढचा परिच्छेद पाहिल्यानंतर वाचावा.

समृद्धीच्या देवीचा थोरला मुलगा हस्तर याने सोने घेतले, आणि तो धान्यावर हात टाकणार तोच इतर देवांनी त्याला अडवले. आईने त्याला वाचवले, पण त्याची कधीही पूजा होणार नाही या अटीवर. सुरुवातीच्या या छोट्या कथेतच पुढचे सगळे नियम बीजरूपाने आहेत. हस्तरकडे सोने अमाप आहे, पण तो अनंत काळ उपाशी आहे, म्हणून त्याला पिठाची ओढ आहे आणि पिठाचेच भय आहे. विनायक विहिरीतून खाली उतरतो, पिठाचे रिंगण आखून त्यात बसतो आणि कणकेची बाहुली पुढे करतो. हस्तर बाहुलीवर तुटून पडतो, तेवढ्या वेळात त्याच्या लंगोटातून सोन्याची नाणी काढून घ्यायची. यातली एकही वस्तू परदेशी किंवा परग्रहावरची नाही. विहीर, कणीक आणि नाणे आपल्या घरातलेच आहेत, म्हणूनच भीती इतकी जवळून जाणवते. पुढे विनायकाचा मुलगा हिशेब मांडतो, की एका बाहुलीने मूठभर नाणी मिळतात, तर पुष्कळ बाहुल्या नेल्या तर सगळा लंगोटच हाती लागेल. बापलेक तसे करतात आणि जितक्या बाहुल्या तितके हस्तर समोर उभे राहतात. चित्रपटाने येथे नियम मोडलेला नाही, लोभाने तोच नियम शेवटच्या टोकापर्यंत ओढला आहे. पटकथा लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग पुन्हा पुन्हा पाहावा.

भीती नको असेल, तर हायाओ मियाझाकी यांचा ‘स्पिरिटेड अवे’ (२००१) हा जपानी अ‍ॅनिमेशनपट पाहावा. चिहिरोचे आईवडील परक्या जगातले अन्न न विचारता खातात आणि डुकरे होतात. तिला स्नानगृहात कामाला राहावे लागते आणि मालकीण तिचे नाव काढून घेऊन तिला ‘सेन’ म्हणू लागते. आपले खरे नाव विसरले, की परतीची वाट बंद. ले ग्विन यांची कादंबरी आधी वाचलेली असेल, तर नावाचा हाच नियम दोन अगदी वेगळ्या संस्कृतींत कसा वेगळा चालतो, हे पाहण्याचा आनंद मिळतो. शक्यतो मूळ जपानी आवाजात आणि उपशीर्षकांसह पाहावा.

सहावी पायरी : पुस्तक आणि चित्रपट शेजारी ठेवून पाहावे

पुस्तक चांगले की चित्रपट, या वादातून फारसे काही हाती लागत नाही. काय गाळले आणि त्यामुळे कथेचा अर्थ कोठे सरकला, हे शोधणे अधिक फलदायी असते. पीटर जॅक्सन यांनी टॉल्किनच्या मोठ्या कादंबरीवर २००१, २००२ आणि २००३ साली तीन चित्रपट केले आणि तिसऱ्याला अकरा ऑस्कर मिळाले. वेगवेगळ्या अंतरावर उभ्या केलेल्या नटांना कॅमेऱ्याच्या कोनातून एकाच जागी दाखवून हॉबिटांचा बुटकेपणा त्यांनी अनेक दृश्यांत साधला. हे तंत्र समजून घेऊन ती दृश्ये पाहिली, तर त्यांतली कारागिरी अधिक भावते.

मात्र कादंबरीतला एक मोठा भाग चित्रपटात नाही. पुस्तकात हॉबिट मोहीम संपवून घरी येतात, तेव्हा शायर हा त्यांचा हिरवागार प्रदेशही लुटला गेलेला असतो, झाडे तोडलेली असतात, आणि तो त्यांना स्वतःच लढून परत मिळवावा लागतो. चित्रपटात शायर जसाच्या तसा त्यांची वाट पाहत असतो. किंमत कोणी मोजली, हा आपला तिसरा प्रश्न येथे लावून पाहावा. पुस्तकात ती किंमत घरापर्यंत पोहोचते, चित्रपटात ती मुख्यतः अंगठी वाहून नेणाऱ्या फ्रोडो या हॉबिटाच्या मनात आणि शरीरावर राहते. चित्रपटाच्या लांबीचा विचार करता हा निर्णय समजण्यासारखा आहे, तरी मला पुस्तकातला शेवट अधिक खरा वाटतो.

मुलांना सोबत घ्यायचे असल्यास

लहान मुलांना फँटसीची पहिली ओळख रंगमंचावरून करून द्यावी. उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत पुण्यातल्या नाट्यगृहांत बालनाट्यांचे प्रयोग लागतात, आणि रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चिंची चेटकीण प्रत्यक्ष समोर पाहताना मुले जेवढी रमतात, तेवढी ती मोबाइलच्या पडद्यासमोर रमत नाहीत. वाचायला लागलेल्या मुलांना जी. एं.चे ‘बखर बिम्मची’ मोठ्याने वाचून दाखवावे. दहा-अकरा वर्षांच्या मुलांसाठी हॅरी पॉटरचा पहिला भाग ‘हॅरी पॉटर आणि परीस’ या नावाने मराठीत आहे. सातही भाग एकदम आणून देऊ नयेत, कारण त्या मालिकेचा नायक दर भागात एका वर्षाने मोठा होतो आणि पुढचे भाग उत्तरोत्तर गंभीर होत जातात. वाचून झाल्यावर तात्पर्य विचारू नये. त्या जादूने काय करता येत नाही, असे विचारावे, मग मूल आपणहून बोलू लागते.

पुस्तके मिळवताना

फँटसीच्या मालिका लांबलचक असतात आणि महागही पडतात, म्हणून सुरुवात ग्रंथालयापासून करावी. १८४८ सालापासून चालत आलेले पुणे नगर वाचन मंदिर आणि नारायण पेठेतले पुणे मराठी ग्रंथालय येथे जुन्या मराठी अनुवादांच्या ज्या प्रती सापडतात, त्या दुकानात बहुधा मिळत नाहीत. ग्रंथपालांना लेखकाच्या नावाबरोबर अनुवादकाचेही नाव सांगावे, शोध लवकर लागतो. विकत घ्यायचे ठरवले, तरी पहिला खंड वाचून झाल्याशिवाय संपूर्ण संच घेऊ नये, आणि जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांकडून घेताना हा मालिकेतला कितवा भाग आहे, हे मुखपृष्ठावर विसंबून न राहता आतल्या पानावर तपासून पाहावे. अनुवाद घेताना मधले एखादे संवादाचे पान काढून उभ्याउभ्या दोन पाने वाचावीत. पात्रे मराठी माणसांसारखी बोलत नसतील आणि वाक्ये अडखळत असतील, तर ती प्रत परत ठेवावी आणि इंग्रजी येत असल्यास मूळ पुस्तक घ्यावे.